विद्युत पिकअप ट्रकची बाजूची काच बदलणे

विद्युत पिकअप ट्रकची बाजूची काच बदलणे म्हणजे विजेवर चालणाऱ्या पिकअप ट्रकच्या दारातील अथवा दारामागील फुटलेली, तडकलेली किंवा खोल चरे पडलेली काच काढून तिच्या जागी त्याच प्रकारची नवी काच बसवण्याचे काम होय. समोरच्या काचेवरील लहान टवका रेझिन भरून बुजवता येतो. बाजूच्या काचेला ती सवलत बहुधा नसते. ती एकतर क्षणात चुरा होऊन खाली पडते किंवा तडकून जागेवर लटकत राहते, आणि दोन्ही परिस्थितींत ती बदलावीच लागते. वरवर पाहता हे काम पेट्रोल-डिझेलच्या गाडीतील कामासारखेच आहे. मात्र विद्युत पिकअपमध्ये काचेचा प्रकार, दारातील विद्युत यंत्रणा आणि अपघातप्रसंगी बाहेर पडण्याचा मार्ग या तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे कोणती काच बसवली गेली याला येथे विशेष महत्त्व येते.

अशा गाड्यांचा प्रसार प्रामुख्याने अमेरिकेत झाला. रिव्हियन कंपनीची आर१टी २०२१ मध्ये ग्राहकांच्या हाती पडू लागली, फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगचे उत्पादन २०२२ मध्ये सुरू झाले आणि टेस्लाची सायबरट्रक २०२३ च्या नोव्हेंबरअखेर बाजारात आली. पुढील विवेचन मुख्यतः या देशातील गाड्या आणि तेथील नियम यांना अनुसरून आहे.

काचेचे प्रकार

मोटारींच्या बाजूला दोन प्रकारच्या सुरक्षा-काचा वापरल्या जातात. पहिली टफन काच. साधी काच सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तिच्यावर दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत सोडले जातात. बाहेरचे थर आधी घट्ट होतात, आतला भाग मागाहून आकसतो आणि बाहेरच्या थरांना आत ओढून धरतो. पृष्ठभागावरील या कायमच्या दाबामुळे काच साध्या काचेच्या चार-पाच पट बळकट होते; पण तो समतोल एका जागी मोडला की साठलेला सगळा ताण एकदम मोकळा होऊन काचेचे बोथट कडांचे बारीक तुकडे होतात. कापणे, भोके पाडणे, कडा घासणे ही सर्व कामे तापवण्याआधीच उरकावी लागतात. म्हणूनच ‘थोडी मोठी आहे, घासून बसवू’ हा मार्ग या काचेच्या बाबतीत बंद असतो.

दुसरी लॅमिनेटेड, म्हणजे स्तरित काच. तिच्यात दोन पातळ काचांच्या मध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या लवचिक प्लास्टिकचा पापुद्रा दाबून चिकटवलेला असतो. या कल्पनेचे मूळ फ्रेंच चित्रकार व रसायनज्ञ एदुआर बेनेदिक्तस यांच्याकडे जाते. सेल्युलोज नायट्रेटचा थर आतून वाळलेला काचपात्राचा तुकडा पडूनही विखुरला नाही, हे त्यांच्या १९०३ मध्ये लक्षात आले आणि १९०९ मध्ये त्यांनी त्यावर पेटंट घेतले. स्तरित काच फुटते, पण पापुद्र्याला धरून राहते. समोरच्या बाजूस ती दीर्घकाळ वापरात आहे. दारांच्या खिडक्यांत तिचा शिरकाव तुलनेने अलीकडचा. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१८ च्या मॉडेलांपैकी सुमारे एक तृतीयांश गाड्यांत बाजूला स्तरित काच होती.

विद्युत गाड्यांकडे ही काच अधिक ओढली गेली, त्याला कारण आहे. इंजिनाची घरघर नसल्यामुळे वाऱ्याचा आणि चाकांचा आवाज प्रवाशांना अधिक जाणवतो, आणि पिकअपचा उभा, रुंद देह वारा भरपूर अंगावर घेतो. ध्वनी शोषणारा पापुद्रा असलेली स्तरित काच हा आवाज कमी करते. हाच पापुद्रा अतिनील किरणांचा जवळजवळ सर्व भाग अडवतो. उष्णता परतवणारा लेप असल्यास वातानुकूलनावरचा आणि पर्यायाने बॅटरीवरचा भारही हलका होतो. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी पुढच्या दारांना स्तरित आणि मागच्या दारांना टफन काच अशी विभागणीही आढळते. त्यामुळे एकाच गाडीच्या दोन दारांतील काचा सारख्या असतील हे गृहीत धरता येत नाही.

सायबरट्रकच्या काचेची कीर्ती वेगळ्याच कारणाने पसरली. २१ नोव्हेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियातील हॉथॉर्न येथे या गाडीचे अनावरण होत असताना कंपनीचे मुख्य रचनाकार फ्रान्झ फॉन होल्झहाउझेन यांनी ‘अभेद्य’ म्हणून सांगितलेल्या काचेवर पोलादी गोळा फेकला आणि पुढची व मागची अशा दोन्ही काचा प्रेक्षकांसमोर तडकल्या. आधी दारावर घणाचा घाव घातल्याने काचेचा तळ दुखावला होता, असे स्पष्टीकरण इलॉन मस्क यांनी नंतर दिले. या प्रसंगाची थट्टा पुष्कळ झाली. मात्र तडकूनही दोन्ही काचा चौकटीतून निखळल्या नाहीत, आणि स्तरित काचेकडून अपेक्षा असते ती एवढीच.

काच फुटल्यानंतर

बाजूची काच फुटण्याची नेहमीची कारणे म्हणजे चोरी, गारपीट, खडीच्या रस्त्यावर उडालेला दगड आणि पिकअपच्या बाबतीत हौद्यात चढवताना वा उतरवताना लागलेला लाकूड-लोखंडाचा धक्का. उभ्या गाड्यांच्या काचा फोडून सामान पळवण्याचे प्रकार सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांत इतके रूढ झाले की तेथील बोलीत त्या कृत्याला स्वतंत्र शब्दच पडला आहे.

प्रथम छायाचित्रे घ्यावीत, कारण विमा कंपनी ती मागते. चोरी असल्यास पोलिसांकडे नोंद करावी. त्यानंतर जाड हातमोजे घालून आसनावरचे मोठे तुकडे उचलावेत व उरलेला चुरा व्हॅक्यूमने ओढावा. फडक्याने पुसल्यास बारीक कण कापडात रुततात आणि पुढे कित्येक दिवस टोचत राहतात. उघडी खिडकी जाड प्लास्टिकने झाकताना चिकटपट्टी रंगाच्या पत्र्यावर न लावता शक्यतो दाराच्या चौकटीवर आतून लावतात. पाऊस आत गेल्यास केवळ आसनाचे नुकसान होत नाही. दारावरील बटणे, ध्वनिक्षेपक आणि विजेवर उघडणाऱ्या कुलपाच्या जोडण्या भिजतात. काही विद्युत पिकअपमध्ये दार उघडण्याचे नेहमीचे साधनच विजेचे बटण असल्याने ही भीती अधिक खरी आहे. खिडकीचे बटण मात्र या काळात दाबू नये. तुकड्यांसह यंत्रणा फिरल्यास काच ज्या खाचेतून सरकते तिचे रबर फाटते.

दारातील काच काढणे व बसविणे

दाराच्या आतले आवरण, म्हणजे डोअर पॅड, हे कामाचे प्रवेशद्वार. मुठीच्या खोबणीत व बटणांच्या पट्टीखाली दडवलेले स्क्रू काढल्यावर कडेच्या प्लास्टिकच्या क्लिपा एकेक करून सोडवाव्या लागतात. त्यासाठी पोलादी पेचकस न वापरता प्लास्टिकची चपटी पट्टी वापरतात. पॅड पूर्ण ओढण्याआधी त्याच्या पाठीमागच्या तारांच्या जोडण्या आणि कुलपाची दोरी सोडवायची असते. थंडीत क्लिपा ठिसूळ होतात; अनुभवी कारागीर काही नव्या क्लिपा आधीच जवळ ठेवतो.

विद्युत गाडी म्हटल्यावर उच्च दाबाच्या विजेचा विचार मनात येतो. बॅटरी व मोटर यांना जोडणाऱ्या उच्च दाबाच्या तारा नारिंगी वेष्टणाच्या असतात आणि त्या दारात आणलेल्या नसतात. दारातील उपकरणे कमी दाबाच्या वेगळ्या मंडलावर चालतात. हे मंडल बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टचे, तर सायबरट्रकमध्ये ४८ व्होल्टचे असते. त्यामुळे दारात हात घालणाऱ्याला खरी काळजी घ्यावी लागते ती सुरक्षापिशव्यांच्या, म्हणजे एअरबॅगच्या, मंडलाची. निर्मात्याने सांगितलेल्या क्रमाने कमी दाबाचा पुरवठा तोडून काही मिनिटे थांबल्याशिवाय त्या जोडण्यांना हात लावू नये, कारण पुरवठा तुटला तरी मंडलात थोडा वेळ वीज साठलेली असते.

पॅडच्या मागे ब्युटाइलच्या चिकट पट्टीने डकवलेला, ओल अडवणारा एक पडदा असतो. घाईच्या कामात या पडद्याची सर्वाधिक उपेक्षा होते. काही वेळा तो फाडून टाकला जातो, काही वेळा कसाबसा चिकटवला जातो. त्याचा पहिला परिणाम म्हणजे पावसाचे पाणी गाडीत झिरपणे. दुसरा अधिक गंभीर आहे. अनेक आधुनिक गाड्यांत बाजूने धडक बसल्याचे ओळखण्यासाठी दाराच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारा संवेदक बसवलेला असतो. दाराचा पत्रा आत दबला की पोकळीतील दाब एकदम वाढतो आणि त्यावरून एअरबॅग उघडायची की नाही हे ठरते. पोकळी नीट बंद नसल्यास त्या मोजणीवर परिणाम होऊ शकतो. काच स्वच्छ दिसते, खिडकी वरखाली होते, मालक समाधानाने निघून जातो. राहिलेली फट कोणाला दिसत नाही.

टफन काच फुटलेली असल्यास दाराच्या तळाशी तिचे शेकडो तुकडे साचतात. ते पूर्ण काढणे हा या कामाचा सर्वांत कंटाळवाणा आणि तितकाच आवश्यक भाग. तळातील पाणी वाहून जाण्याची भोके चुऱ्याने बुजली तर दारात पाणी साठून गंज चढतो. सुटे तुकडे प्रत्येक वळणावर खुळखुळतात आणि एखादा काच चढवणाऱ्या यंत्रणेच्या दोरीत अडकून नवी काचही अडवतो. लॅमिनेटेड काच अखंड पापुद्र्यासह निघत असल्याने हा त्रास कमी होतो.

काच वरखाली करणाऱ्या यंत्रणेला कारागिरांच्या बोलीत ‘मशीन’ म्हणतात. तिच्या पकडींचे बोल्ट समोर येतील इतक्या उंचीवर यंत्रणा आणून ते सैल करतात, जुनी काच तिरकी करून वर काढतात आणि नवी त्याच वाटेने उतरवतात. बोल्ट निर्मात्याने सांगितलेल्या जोरानेच आवळावे लागतात. अधिक आवळल्यास काचेच्या भोकाच्या कडेवर ताण येतो, आणि टफन काचेची कड हेच तिचे मर्मस्थान असते. काच दोन्ही बाजूंच्या खाचांत सरळ बसली आहे ना, हे पॅड लावण्याआधी दोन-चार वेळा वरखाली करून पाहतात. ज्या दारांना काचेभोवती चौकट नसते, त्यांत दार उघडताना काच किंचित खाली उतरते आणि लागल्यावर पुन्हा वरच्या रबरात शिरते. अशा दारात एखाद-दोन मिलिमीटरचा फरकही महामार्गावर शिट्टीसारख्या आवाजाच्या रूपाने प्रकट होतो.

शेवटी खिडकीच्या मोटरला काचेची वरची व खालची सीमा नव्याने शिकवावी लागते. सामान्यतः काच पूर्ण वर व पूर्ण खाली नेऊन बटण काही सेकंद दाबून धरले की हे होते. काही गाड्यांत त्यासाठी निर्मात्याची संगणक-प्रणाली लागते. ही पायरी गाळल्यास काच चढताना मध्ये हात आला तर थांबून उलट उतरण्याची सोय भरवशाची राहत नाही. लहान मुले मागे बसत असतील त्या गाडीत ही चाचणी आवर्जून केली पाहिजे. त्यानंतर पाण्याचा फवारा मारून गळती तपासतात. सर्व सुरळीत असल्यास सरकत्या काचेचे काम एक-दोन तासांत पुरे होते.

न सरकणारी काच

मागच्या दारातील किंवा खांबाजवळील लहान त्रिकोणी काच बहुधा पॉलियुरेथेन या चिकट द्रव्याने पत्र्याला चिकटवलेली असते. ती तारेने किंवा विशेष पात्याने कापून काढतात, जुन्या द्रव्याचा पातळ थर तसाच ठेवून उघड्या पडलेल्या पत्र्यावर प्रायमर लावतात आणि मग नवा थर देतात. आकार लहान असूनही हे काम सरकत्या काचेपेक्षा अनेकदा महाग पडते, कारण काच तिच्या रबरी वा प्लास्टिकच्या किनारीसह एकसंध ओतलेली येते. द्रव्य वाळेपर्यंत गाडी हलवू नये आणि दारे जोराने आपटू नयेत. खांबावरील आवरण काढताना छताच्या कडेने गेलेली पडद्यासारखी एअरबॅग दबणार वा पिळली जाणार नाही याची दक्षता घेतात.

योग्य काच ओळखणे

प्रत्येक सुरक्षा-काचेच्या कोपऱ्यात एक लहान शिक्का असतो. अमेरिकेत त्यावर निर्मात्याला दिलेला परिवहन खात्याचा क्रमांक आणि ‘एएस’ या अक्षरांपुढे एक अंक असतो. एएस-१ समोरच्या काचेसाठी चालते. एएस-२ मधून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जातो आणि ती समोरची सोडून इतरत्र चालते. एएस-३ त्याहून गडद असते. पिकअपसारख्या वाहनांत चालकाच्या मागच्या खिडक्यांना अशी गडद काच लावण्याची मुभा असल्याने मागच्या दाराची काच मागवताना रंगाची छटाही जुळवावी लागते. ही छटा काचेच्या अंगातच असते, वरून लावलेल्या फिल्मची नव्हे. ‘एएस-२’ एवढ्यावरून काच टफन आहे की लॅमिनेटेड हे कळत नाही. त्यासाठी शिक्क्यात वेगळा शब्द शोधावा लागतो, किंवा काच अर्धी उतरवून तिची वरची कड न्याहाळावी. स्तरित काचेच्या कडेत मधल्या पापुद्र्याची रेघ दिसते.

वाहन ओळख क्रमांकावरून भाग मागवणे हा चुका टाळण्याचा खात्रीचा मार्ग आहे. बाजारात मिळणारी अन्य निर्मात्यांची काच नियमांत बसणारी असू शकते. परंतु लॅमिनेटेडच्या जागी स्वस्त टफन काच बसवल्यास गाडीतील आवाज वाढतो आणि उलटण्याच्या अपघातात प्रवासी बाहेर फेकले जाण्यापासून मिळणारा आधार कमी होतो. याच धोक्यासाठी अमेरिकेने २०११ मध्ये सुरक्षा मानक क्रमांक २२६ जाहीर केले. ठरावीक वजनाची डोक्याच्या आकाराची वस्तू आतून खिडकीवर आदळली असता ती बाहेर १०० मिलिमीटरपेक्षा अधिक जाता कामा नये, असा त्याचा निकष आहे. निर्माते तो मुख्यतः पडद्याच्या एअरबॅगने पूर्ण करतात. स्तरित काच त्याला साहाय्य करते. हे मानक ४,५३६ किलोग्रॅमपर्यंतच्या एकूण वजनाच्या वाहनांना लागू असल्याने त्याहून जड विद्युत पिकअप त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

बाहेर पडण्याचा मार्ग

जी काच प्रवाशाला आत धरून ठेवते, तीच त्याला आत अडकवूही शकते. वर उल्लेखिलेल्या २०१९ च्या पाहणीत काच फोडण्याची सहा साधने तपासण्यात आली. त्यांतील चार साधनांनी टफन काच फोडली. लॅमिनेटेड काच एकानेही फोडली नाही. तडे गेले तरी पापुद्रा तसाच राहिला. अग्निशमन दल ही काच करवतीने किंवा विशेष कटरने कापते, परंतु ती साधने प्रवाशाच्या हाताशी नसतात.

विद्युत पिकअपमध्ये या प्रश्नाला दुसरी बाजू जोडली जाते. दारे विजेने उघडणारी असल्यास अपघातात वीजपुरवठा तुटल्यावर हाताने उघडण्याच्या पर्यायी कळीवर विसंबावे लागते. सायबरट्रकच्या मागच्या दारात ती कळ दाराच्या खणातील तळपट्टीखाली दोरीच्या रूपात आहे. ज्याला ती कधी दाखवली गेली नाही, त्याला धुरात ती सापडणे कठीण. २०२४ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातील पिडमाँट येथे एक सायबरट्रक झाडावर आदळून पेटली. मागून दुसऱ्या गाडीने आलेल्या मित्राने झाडाच्या फांदीने अनेक घाव घालून काच तोडली आणि एकाला बाहेर ओढले. आतील उरलेल्या तिघांचा मृत्यू झाला. या घटनेनंतर विजेच्या दारांविषयी न्यायालयीन दावे दाखल झाले आणि चर्चा वाढली.

म्हणून काच बदलताना कोणत्या खिडकीत कोणत्या प्रकारची काच आहे, हे मालकाला सांगणे आणि हाताने दार उघडण्याची कळ दाखवणे हा चांगल्या कारागिराच्या कामाचा भाग मानला पाहिजे. डोअर पॅड उघडलेला असताना त्या कळीची दोरी परत नीट जोडली गेली की नाही, हेही पाहावे लागते. गाडी पाण्यात पडल्यास काच फोडण्याची वाट न पाहता वीज चालू असेपर्यंत, पहिल्या काही क्षणांतच, खिडकी उतरवावी. पाणी चढल्यावर दारावरील बाहेरचा दाब माणसाच्या ताकदीपलीकडे जातो.

खर्च आणि विमा

लॅमिनेटेड काच टफन काचेहून महाग असते आणि नव्या कंपन्यांच्या गाड्यांसाठी पर्यायी निर्माते थोडे असल्याने भाग येण्यास विलंब लागू शकतो. अमेरिकेत अशी हानी सर्वंकष विम्यात येते, मात्र ठरावीक रक्कम मालकाला स्वतः भरावी लागते. पुष्कळदा काचेची किंमत त्या रकमेच्या आतच राहते आणि दावा करण्यात अर्थ उरत नाही. राज्याराज्यांतील कायदे मात्र भिन्न आहेत. फ्लोरिडामध्ये ही रक्कम केवळ समोरच्या काचेसाठी माफ होते. केंटकी आणि साउथ कॅरोलायना या राज्यांत बाजूच्या सुरक्षा-काचांनाही माफी मिळते.

भारतातील नियम

या आकाराच्या अमेरिकन विद्युत पिकअप भारतीय रस्त्यांवर सर्रास दिसत नाहीत. येथे विजेवरील मालवाहतूक टाटा एस ईव्हीसारख्या लहान वाहनांकडे आहे. बदललेल्या काचेला लागणारे नियम मात्र सर्व मोटारींना समान आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० नुसार समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. त्यामुळे अमेरिकन पिकअपच्या मागच्या दारांची गडद काच येथे बहुधा नियमात बसणार नाही. काचेचा दर्जा भारतीय मानक २५५३ च्या दुसऱ्या भागात ठरवून दिला आहे. महाराष्ट्रात पुण्याजवळ भोसरी व चाकण येथे मोटारींच्या सुरक्षा-काचांचे कारखाने आहेत.

भारतीय मोटार विम्यात काचेच्या भागांवर घसारा धरला जात नाही, तर रबर, नायलॉन व प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. खिडकीच्या दाव्यात काचेची पूर्ण किंमत मंजूर होऊनही रबर आणि क्लिपांचा निम्मा खर्च मालकाकडे राहतो, तो या तरतुदीमुळे. घसारामुक्त जोड-विमा घेतलेला असल्यास ही कपातही टळते.